सूर लिहायचे की नाही? (बांबारा, न् को आणि आपला बिचारा 'च')

काजूगर
नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याचा, काजूच्या धंद्यातला. आपल्याकडच्या कारखान्यांना गावठी बी पुरत नाही, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी ते जून माझा मुक्काम आयव्हरी कोस्टमध्ये बुआके शहरात असतो. बाजाराची भाषा द्युला. मालीतल्या बांबाराची ही सख्खी बहीण, आणि दोघीही मांडे या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषाकुळातल्या. चार हंगामांत बोलण्यापुरती आली. या वर्षी म्हटलं, लिहायलाही शिकू.

तिथेच घोडं अडलं, आणि तेही अक्षरशः. 'सो' म्हणजे घर आणि 'सो' म्हणजे घोडासुद्धा. बोलताना सूर वेगळा असतो, एकाचा वर आणि एकाचा खाली, त्यामुळे गोंधळ होत नाही. पण सरकारमान्य रोमन लिपीत सूर लिहितच नाहीत. माझ्या वजनकाट्यावरच्या दोस्ताला मी फोनवरून लिहिलं की 'मला सो विकत घ्यायचाय'. त्याने उलट विचारलं, 'बांधणार कुठे?' हे घराबद्दल की घोड्याबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

तर प्रश्न असा: ज्या भाषेत सुराने अर्थ बदलतो, तिच्या लिपीत सूर लिहायलाच हवा का? आपणही 'जरा थांब' आणि 'जरा-मरण' यांतले दोन 'ज' एकाच अक्षरात लिहितो. 'माझा' आणि 'माझी' यांतल्या 'झ'चंही तेच. आपलं काही अडतं का?

शेवगा
वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खवचट_काका
बांधणार कुठे म्हणजे तबेला नाहीतर प्लॉट. दोन्हीला वेंगुर्ल्यात जागा महाग आहे.

मोडीवेडा
काजूगर, तुमच्या प्रश्नात उत्तर आहेच. काही अडत नाही.

मी तीस वर्षं मोडी वाचतोय. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद जवळजवळ नाहीच, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, हात न उचलता ओळ पळते. तरी त्याच मोडीत शतकानुशतकं जमाखर्च, वतनं, लढायांचे हुकूम सगळं चाललं. 'दिन' आणि 'दीन' मध्ये कुणी फसलं नाही, कारण वाचणारा वाक्य वाचत असतो, सुटं अक्षर वाचत नसतो. लिपी ही बोलण्याची आठवण करून देण्यासाठी असते. सगळंच लिहायचं म्हटलं तर हातातला बोरू सुकून जाईल.

अर्धविराम
मोडीवेडा काका, आदर राखून असहमत.

च-ज-झ चे दोन उच्चार आणि मांडे भाषांतले सूर यांची बरोबरी होत नाही. दोन 'ज' मुळे अर्थ बदलणारे शब्द मराठीत मोजके सापडतील. बांबारात मात्र सूर व्याकरणाचं काम करतो. भाषाशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वही बंद करून नुसती बसले होते. सांगते.

बांबारात निश्चितपणा दाखवणारा एक प्रत्यय आहे, म्हणजे 'पाणी' आणि 'ते पाणी' यांतला फरक. पण त्या प्रत्ययाला ना स्वर, ना व्यंजन. तो फक्त एक खालचा सूर आहे. त्याला बसायला स्वतःचा स्वर नसल्यामुळे तो नामाच्या शेवटी लटकतो आणि पुढच्या शब्दाचा सूर खाली ओढतो. म्हणजे तो स्वतः ऐकू येत नाही, शेजाऱ्याला धक्का लागला की कळतं कोणीतरी गेलं. याला तरंगता सूर म्हणतात. 'तॅ' हा नकार. त्यामुळे 'मुसो तॅ' (मुसो म्हणजे बाई) एका सुरात 'बाई नाहीच' आणि दुसऱ्या सुरात 'ती बाई नव्हे'. रोमन लिपीत दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

आता यात 'वाक्य वाचा' म्हणून काय वाचणार? वाक्य तेवढंच आहे.

खवचट_काका
'बाई नाहीच' आणि 'ती बाई नव्हे' यांतला फरक लिहून ठेवला नाही तर घराघरात भांडणं होतील.

कढीभात
अर्धविराम, तू सांगितलेलं वाचून एकदम सुनेची आठवण झाली. सून लुधियानाची. तिच्या तोंडी 'घोडा' हा मला कायम 'कोडा' ऐकू येतो आणि 'घर' म्हणजे 'कर'. मला वाटायचं मुलीच्या जिभेत दोष आहे (देवा, क्षमा). मग तिनेच सांगितलं की पंजाबीत सूर आहेत. 'घ' लिहितात, पण बोलताना त्याचा 'क' होतो आणि सूर खाली जातो. म्हणजे गुरुमुखीत सुराची वेगळी खूण नाही, जुनं अक्षरच खुणेचं काम करतं.

आणि गंमत बघा, तिथेही घर आणि घोडाच!

मोडीवेडा
कढीभात ताई, हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. खूण नाही आणि पंजाब सुखाने लिहितोय.

अर्धविराम
नाही काका, माझ्या बाजूचं. खूण आहे, फक्त ती 'घ'च्या पोटात लपलीय. वाचणाऱ्याला 'घ' दिसला की सूर कळतो. बांबाराकडे असं जुनं अक्षर नाही.

आणि सूर लिहिणं अशक्य वगैरे नाही. ऋग्वेदाचं छापील पान काढा. अक्षराखाली आडवी रेघ अनुदात्ताची, डोक्यावर उभी रेघ स्वरिताची. आपल्याच देवनागरीत सूर लिहिलेले आहेत.

फॉन्टफोड्या
इथे मुख्य माणसाचं नाव अजून कसं आलं नाही? सुलेमाना कान्ते.

गिनीतल्या कांकान भागातला माणूस, जन्म 1922. वडिलांची कुराणशाळा, त्यामुळे अरबी पक्की, फ्रेंचही येत होती. पोटासाठी आयव्हरी कोस्टमध्ये व्यापार. 1944 मध्ये, काजूगर, तुमच्याच बुआकेच्या बाजारात त्याच्या हाती कमाल मरवा या लेबनीज पत्रकाराचं अरबी पुस्तक पडलं. त्यात आफ्रिकी भाषांना व्याकरण नाही, त्या लिहिता येत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर होता. कान्तेला तो झोंबला. मग आधी अरबी लिपीत आपली भाषा बसवून पाहिली, नाही बसली. रोमन लिपीत पाहिली, तिथेही सूर आणि स्वरांची लांबी हातातून निसटत होती. शेवटी 1949 मध्ये स्वतःची लिपी केली. 14 एप्रिल हा तिचा वाढदिवस आजही साजरा होतो.

नाव न् को. अर्थ 'मी म्हणतो'. बांबारा, मानिंका, द्युला, मांदिंका या सगळ्या बहिणींत हे दोन शब्द चालतात, म्हणून तेच नाव.

लिपी उजवीकडून डावीकडे. असं सांगतात की कान्तेने निरक्षर लोकांना मातीत रेघ ओढायला सांगितली आणि बहुतेकांनी उजवीकडून सुरुवात केली. सात स्वर, प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर: स्वराच्या डोक्यावर खूण, जिच्यात सूर आणि लांबी दोन्ही एकदम येतात. अनुनासिक असेल तर खाली टिंब. याच लिपीत त्याने व्याकरण लिहिलं, शब्दकोश केला, कुराणाचं भाषांतर केलं. 1987 मध्ये गेला.

खवचट_काका
लिपीचं नावच 'नको'? मग सरकार तरी कसं घेणार!

फॉन्टफोड्या
काका, हा विनोद येणार हे मला नाव टंकतानाच माहीत होतं.

सरकारचं म्हणाल तर गिनीने खरंच नाही घेतली. पहिले अध्यक्ष सेकू तुरे यांच्या काळात शाळांमध्ये आठ राष्ट्रीय भाषा आणल्या, पण रोमन लिपीत. न् को सरकारी शाळेबाहेर, शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवायचं अशीच पसरली. युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्या ज्या यादीमुळे चालतात तिच्यात) 2006 साली आली आणि 2024 मध्ये गूगलच्या भाषांतर यादीतही. बांबारा त्या यादीत 2022 मध्येच आली होती, आणि त्याच खेपेला आपली कोंकणीही! एकाच गाडीतून उतरलेले प्रवासी.

मोडीवेडा काकांसाठी खास: मोडी युनिकोडच्या 7.0 आवृत्तीत आली, 2014 मध्ये. त्याच आवृत्तीत सिएरा लिओनच्या मेंदे भाषेची किकाकुई लिपीही आली. मेंदे हीसुद्धा मांडे कुळातलीच.

मोडीवेडा
हे माहीत नव्हतं. मोडीला परदेशात सोबतीण मिळाली म्हणायची. किकाकुईबद्दल आणखी लिहा.

फॉन्टफोड्या
मोहम्मद तुराय यांनी सुरुवात केली आणि किसिमी कामारा यांनी 1921 च्या सुमारास ती वाढवून पसरवली. अक्षरमाला, म्हणजे प्रत्येक अक्षर एक पूर्ण उच्चार: सुरुवातीची चाळीसेक अक्षरं सोडली तर बाराखडीसारखा एकमेकींशी संबंध फारसा नाही. आज वाचणारे फार थोडे.

पण या सगळ्यांत वडीलधारी म्हणजे लायबेरियातली वाई लिपी. साधारण 1833. मोमोलू दुवालू बुकेले या माणसाला स्वप्नात अक्षरं दाखवली गेली असं तो सांगायचा. 1849 मध्ये कोएले नावाचा जर्मन मिशनरी-भाषाभ्यासक मुद्दाम तिथे जाऊन त्याला भेटला. दोनशेच्या आसपास अक्षरं. आणि सूर? सूर लिहीत नाहीत.

मोडीवेडा
बघा! जवळजवळ दोनशे वर्षं चाललीय ना? सुरांशिवाय?

शाळामास्तरीण
वाईचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही.

डी.एड.नंतर कधीतरी सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांच्या 1981 मधल्या अभ्यासाबद्दल वाचलं होतं. वाई लोकांत तीन प्रकारची साक्षरता एकत्र नांदते: शाळेतली इंग्रजी, कुराणाची अरबी, आणि घरी काका-मामांकडून शिकलेली वाई. तिसरीला शाळा नाही, परीक्षा नाही. पत्रं लिहायची, हिशेब ठेवायचे, संपलं. या दोघांनी तपासलं की लिहिता-वाचता आलं की माणसाची एकूण विचारशक्तीच पालटते का. तसं काही दिसलं नाही. ज्या कामासाठी लिपी वापरली त्या कामात माणसं तरबेज झाली, उदाहरणार्थ एखादी गोष्ट समोर नसलेल्याला नीट समजावून सांगणं. पत्र लिहिणाऱ्याला तेच तर करावं लागतं.

म्हणून मोडीवेडा सर आणि अर्धविराम, तुमचा वाद मला थोडा हवेतला वाटतो. लिपी कशासाठी वापरणार ते आधी ठरवा. वाई पत्र ओळखीच्या माणसाला जातं, विषय दोघांना माहीत असतो. माझ्या वर्गातलं पोर मात्र अनोळखी पुस्तक पहिल्यांदा उघडतं. (माझी शाळा गडचिरोलीत, निम्मी पोरं घरी गोंडी बोलतात.) त्याला लिपीने जास्त मदत करायला हवी.

अवांतर: गोंडीसाठीही मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये लिपी केली होती. कान्तेच्या आधी 31 वर्षं.

शेवगा
शाळामास्तरीण +१. धागा फारच वर गेला.

दुरुस्तीप्रेमी
व्याकरणाबद्दल कुणी बोलेल का? शीर्षकात बांबारा आहे आणि चर्चा सगळी फॉन्टची. वाक्यरचना कशी असते?

अर्धविराम
आनंदाने!

मांडे भाषांची ओळखखूण म्हणजे वाक्यातला क्रम: कर्ता, मग काळ आणि होकार-नकार सांगणारा छोटा शब्द, मग कर्म, मग क्रियापद, आणि उरलेलं सगळं क्रियापदानंतर. 'मुसा ये जी मिन', म्हणजे मुसाने पाणी प्यायलं. 'मुसा बॅ जी मिन', मुसा पाणी पितो. नकाराला 'ये'च्या जागी 'मा', 'बॅ'च्या जागी 'तॅ'. क्रियापद तसंच राहतं.

आता मराठी माणसाचे कान टवकारावेत अशी गोष्ट. 'गेला' म्हणायचं तर 'ये' चालत नाही. 'मुसा ताआरा' म्हणायचं, क्रियापदालाच 'रा' लागतो. म्हणजे भूतकाळात सकर्मक आणि अकर्मक यांचे रस्ते वेगळे होतात. आपल्याकडे 'मुसाने' आणि 'मुसा गेला' असे होतात तसे. मात्र थांबा, हा आपल्यासारखा 'ने' नाही. कर्ता बदलत नाही, क्रियापद कर्माप्रमाणे चालत नाही. फरक कुठे पडतो ते सारखं आहे, कसा पडतो ते नाही.

दुरुस्तीप्रेमी
'मुसाने पाणी प्यायलं' ही मराठी कुठली? 'मुसा पाणी प्यायला'. पिणे, शिकणे, विसरणे यांना 'ने' लागत नाही.

अर्धविराम
:) पकडलंत. सगळ्या धातूंतून नेमका तोच निवडला. बरं, 'मुसा ये सो सान' घ्या: मुसाने घर घेतलं. (किंवा घोडा.)

अजून एक. 'मुसो मिन नाना, ओ ये न् बा ये.' शब्दशः: बाई जी आली, ती माझी आई आहे. 'मिन' म्हणजे जी, 'ओ' म्हणजे ती. जो-तो, जी-ती! इंग्रजी शिकताना आपण ही जोडी मोडायला शिकतो, इथे तशीच ठेवायची. नातं नाही, शेजार नाही, पण दोन भाषा वाक्य असं जोडतात.

आणि 'न् बा' म्हणजे माझी आई, पण माझं घर म्हणायचं तर 'न् का सो'. घराला मध्ये 'का' लागतो, आईला नाही. आई, बाप, हात, डोकं ही वस्तूसारखी मालकीची नसतात. कुळ मोठं आहे, साठ-सत्तर भाषा, सगळ्यांत हे तंतोतंत असंच असतं असं समजू नका.

काजूगर
अर्धविराम ताई, हे वाचून माझा एक हंगाम वाचला असता. फक्त बुआकेत 'ये' म्हणू नका. द्युलात तिथे 'का' म्हणतात, आणि 'न् का सो'ऐवजी 'न् ता सो'. मी पुस्तकातली बांबारा बोललो की पोरं हसतात, म्हणतात शेठ बामाकोच्या (मालीच्या राजधानीच्या) रेडिओवरून आलाय.

इंग्रजी 'हॅव'सारखं, एखादी वस्तू जवळ असण्यासाठी वेगळं क्रियापद नाही हेही आपल्यासारखंच. 'वारी बॅ न् बोलो': पैसा माझ्या हातात आहे. वारी म्हणजे पैसा.

खवचट_काका
आपल्याकडे वारीला जायला पैसा लागत नाही, तिथे वारी हाच पैसा. माऊली!

काजूगर
काका, पैशाचं ऐकाच मग. तिथे बाजारात भाव फ्रँकमध्ये सांगत नाहीत, 'दॉरॉमे'मध्ये सांगतात, म्हणजे पाच-पाच फ्रँकांचा एक. पहिल्या वर्षी एका बाईने पपयांचा भाव 'कॅमॅ' सांगितला. कॅमॅ म्हणजे शंभर, मी शंभर फ्रँक काढून दिले. ती हात पुढे करून उभीच. पाचशे हवे होते.

कढीभात
माझी आजी शेवटपर्यंत आण्यांत बोलायची. 'बारा आण्यांना दिलं' म्हणजे पंचाहत्तर पैसे, हे आम्हाला शिकवावं लागलं होतं.

फॉन्टफोड्या
कॅमॅचा आणखी एक घोळ. जुन्या बांबारा मोजणीत कॅमॅ म्हणजे 80. मांडे कॅमॅ 60, बांबारा कॅमॅ 80 आणि मुसलमानी कॅमॅ 100. आजचा कॅमॅ हा तिसरा.

खवचट_काका
तीन प्रकारचे शेकडे? काजूगर, तुमचा धंदा कसा चालतो ते आत्ता समजलं.

काजूगर
वजनावर चालतो काका, किलो सगळीकडे एकच.

बाकी थट्टा करण्यात तुम्ही तिथे शोभून दिसाल. मला दोस्ताने आडनाव दिलंय, त्राओरे. तेव्हापासून दिआरा आडनावाचा कुणीही भेटला की म्हणतो, 'तू चवळ्या खाणारा!' मीही तेच परत म्हणायचं. अमुक आडनावाने तमुक आडनावाची थट्टा करायची हा पिढीजात हक्क आहे, राग धरायचा नाही. एकदा पोलिसाने गाडी अडवली, नाव वाचलं तर दिआरा. म्हटलं चवळीखाऊ, सोड. हसत सोडला.

दुरुस्तीप्रेमी
आपल्याकडे आडनावावरून थट्टा केली तर धागा बंद करावा लागतो.

मोडीवेडा
मूळ प्रश्नाकडे येतो. शाळामास्तरणींचं म्हणणं पटलं, अर्धं तरी. पण अर्धविराम, एक शंका. सूर लिहायचे तर कुणाचे? कांकानचा सूर आणि बामाकोचा सूर तंतोतंत एक असेल का? खूण लिहिलीत की एक गाव शुद्ध ठरतं आणि बाकीची अशुद्ध. आपण ते भोगलंय. 'पानी' म्हणणाऱ्याला आपण काय वागणूक दिली ते आठवा. खूण नसेल तर प्रत्येक जण आपल्या सुरात वाचेल.

अर्धविराम
काका, हा मुद्दा खरोखर जड आहे. न् कोमध्ये हे झालेलंच आहे. कान्तेने 'कांगबे' म्हणजे 'स्वच्छ भाषा' अशी प्रमाणभाषा ठरवली, आणि ती कांकानच्या मानिंकाकडे झुकते. बामाकोचा माणूस न् को शिकतो तेव्हा लिपीबरोबर थोडी दुसऱ्या गावची बोलीही शिकतो. तिथल्या पुष्कळांना ती 'अशुद्ध-शुद्ध'पेक्षा 'आपण सगळे एक' अशी वाटते, हेही खरं.

आणि उलट टोकही आहे. आयव्हरी कोस्टमधल्याच दान भाषेत, तीही मांडेच, पूर्वेकडच्या बोलीत पाच पातळ्यांचे सूर आहेत. तिथे सूर लिहायचंच ठरवलं. टंकयंत्रावर सोपं जावं म्हणून शब्दाच्या आगेमागे विरामचिन्हं लावली: संयोगचिन्ह, अवतरणचिन्ह, बरोबरचं चिन्ह.

खवचट_काका
म्हणजे प्रत्येक वाक्य बँकेच्या पासवर्डसारखं दिसणार.

फॉन्टफोड्या
काका, या वेळी विनोद नाही, खरंच तसं दिसतं. म्हणूनच पुढे अभ्यासकांनी अक्षरांवरच खुणा द्याव्यात असं सुचवलं.

दुरुस्तीप्रेमी
1962 च्या नियमांआधी आपण 'घरें', 'मुलें' यांवर अनुस्वार द्यायचो, जे कुणीच उच्चारत नव्हतं. आपण न बोललेलं लिहायचो, हे बोललेलं लिहीत नाहीत. दोघांचं भागलं.

काजूगर
मंडळी, तीन दिवस धाग्यावर नव्हतो, माल चढत होता. पण प्रयोग करून आलो.

माझा काट्यावरचा दोस्त मूळ गिनीचा, लहानपणी संध्याकाळच्या वर्गात न् को शिकलेला. त्याला मी रोमन लिपीतला एक पानभर मजकूर दिला, लग्नाच्या बोलणीची गोष्ट, सूर नाहीत. घडाघडा वाचला, दोन ठिकाणी मागे गेला, पण अडला नाही. मग माझे जुने निरोप दिले, चार-पाच शब्दांचे. तिथे मात्र तीन निरोपांवर थांबला आणि म्हणाला, 'हे तुझ्या तोंडून ऐकायला हवं.' एकात तर मी 'बाई नाही' लिहिलं होतं. काट्यावरची हिशेबवाली बाई आली नाही, असं म्हणायचं होतं. त्याने 'ती बाई नव्हे' वाचून दुसऱ्या बाईला फोन लावला होता.

मग त्याने तेच निरोप न् कोमध्ये लिहून दाखवले. लिहायला दुप्पट वेळ लागला, खुणा देताना जीभ बाहेर काढून बसला होता. वाचताना एकदाही थांबला नाही.

मोडीवेडा
म्हणजे पानाला नको, निरोपाला हवं. हुकूमनामे पानभर असायचे म्हणून मोडी तरली, असं म्हणू का?

अर्धविराम
म्हणा काका. मीही 'सगळीकडे हवेच' मागे घेते. पण पहिली-दुसरीच्या पुस्तकात हवेच.

शाळामास्तरीण
आभार :)

कढीभात
ते सगळं राहू दे. काजूगर, घर घेतलंत की घोडा?

काजूगर
भाड्याने खोली घेतली. दोस्ताला विचारलं की तेव्हा 'बांधणार कुठे' म्हणजे काय विचारत होतास. म्हणाला, आठवत नाही, पण तेव्हा मी सूर दिला होता.

खवचट_काका
लिहिताना?

काजूगर
हो ना.